जखमी घोडीसाठी सोबत: हिंगणा रस्त्याकडील एका तबेल्यातील सहा महिने

नागपुरात घोड्यासाठी डॉक्टर मिळणे फारसे अवघड नाही. सेमिनरी हिल्सला 1958 सालापासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि खासगी पशुवैद्यकही आहेत. अवघड असते ते दुखण्यातून उठणाऱ्या जनावराला महिनोन्महिने नीट सांभाळणारी जागा मिळणे. हिंगणा रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेल्या एका लहान तबेल्यात माझी घोडी मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने राहिली. तेथे माझ्याशी एक चूकही झाली असल्यामुळे मी तबेल्याचे नाव लिहीत नाही. मात्र अशी सेवा कशी असावी आणि ती घेताना काय पाहावे, हे सांगण्याजोगा अनुभव माझ्या गाठीशी आहे.

घोडी काठियावाडी, नऊ वर्षांची. जानेवारीच्या अखेरीस तिच्या पुढच्या उजव्या पायाच्या नळीमागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा, जिला तबेल्यात सगळे नुसती 'नस' म्हणतात, दुखावली. सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती आणि पुढे हातात धरून मोजून चालवणे, असा नेम घालून दिला. कंडरेची जखम सावकाश भरते. नवा धागा मूळच्या धाग्याइतका लवचिक होत नाही आणि पूर्ण कामावर परतायला नऊ ते बारा महिने लागू शकतात, हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की आमच्या कळमेश्वरकडच्या शेतावर तिच्या शेजारी बांधलेला घोडा रोज सकाळी बाहेर काढला, की ही घोडी विश्रांती घेणारच नाही. ती खिंकाळत असे, घामाने भिजत असे, चारा सोडून देत असे आणि खोलीत गोल गोल फिरत असे. तीन आठवड्यांत जमिनीवर तिच्या टापांचा गोल चर पडला. विश्रांतीच्या नावाखाली जखमी पायावर दिवसभर वळणाचा ताण येत होता आणि पट्टी सोडल्यावर पाय हाताला गरम लागत होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला या तबेल्यात आणले, तेव्हा मालकांनी पायाआधी तिच्या सवयींची चौकशी केली. ती कोणाशेजारी राहत होती, एकटी असताना खाते का, खिंकाळणे सोबती दिसेनासा झाल्याबरोबर सुरू होते की त्याला बाहेर नेण्याच्या तयारीपासूनच, असे प्रश्न जवळजवळ तासभर चालले. मग शेजारची घोडी वीस मिनिटे बाहेर नेऊन त्यांनी मोबाइलवर चित्रण केले आणि सोबत नाडीही मोजली. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 असते. शेजारीण समोर असताना हिची 38 होती, ती गेल्यावर 80 च्या पुढे गेली आणि परत आल्यावर दहा मिनिटांत पुन्हा चाळिशीत आली. वेदनेने चढलेली नाडी सोबत मिळाली म्हणून अशी खाली येत नाही, हा त्यांचा तर्क डॉक्टरांनाही पटला. तेथील वयस्क मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, मात्र कागदाकडे न पाहताच म्हणाले, "ताई, पाय नाही, जीव घाबरून राहिला तिचा."

त्यानंतरची व्यवस्था साधी होती, पण विचारपूर्वक केलेली होती. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटे पडणे म्हणजे धोका, ही त्याची उपजत समजूत असते आणि ती रागावून किंवा बांधून जात नाही. म्हणून शेजारच्या खोलीत एक थोराड, शांत पांढरी घोडी ठेवली आणि मधल्या भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात जाळी बसवली, जेणेकरून दोघींना एकमेकींचे तोंड हुंगता यावे. बारीक छिद्रांच्या जाळ्यांत वाळलेला चारा भरून त्या तीन ठिकाणी टांगल्या. तिचे वजन 380 किलोच्या आसपास. वजनाच्या दीड ते दोन टक्के या हिशेबाने दिवसाला पावणेसहा ते साडेसात किलो कोरडा चारा तिच्यासमोर येत असे आणि तो संपायला बराच वेळ लागे. हरभऱ्याचा खुराक मात्र जवळपास बंद केला, कारण काम नसलेल्या घोड्याला दाण्याचा जोर नको असतो.

मे महिन्यात, नागपूरचा पारा 45 च्या घरात असताना, वाळ्याच्या ताट्यांचा एक मोठा कूलर तिच्या खोलीसमोर आणून लावला आणि ती पुन्हा अस्वस्थ झाली. दोन दिवस कोणाला उलगडा होईना. अखेर मोतद्दारांच्या लक्षात आले, की कूलरच्या घरघरीत शेजारणीच्या चावण्याचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. कूलर आठ-दहा फूट मागे सरकवून तिरका लावला, तेव्हा ती थांबली. मला या तबेल्याचे मोल त्या दिवशी कळले; औषधाची बाटली कोणीही उघडू शकतो, पण एवढा कान देऊन पाहणारा माणूस विरळा. शामक औषध डॉक्टरांनी सुरुवातीच्या दोन आठवड्यांपुरते लिहून दिले होते. तेवढेच त्यांनी दिले. स्वतःच्या मनाने काही टोचले नाही.

एकटेपणाची सवय लावण्याचे काम यापेक्षा कितीतरी संथ होते. शेजारणीला पहिल्या दिवशी फक्त दाराबाहेर काढून दहा सेकंदांत परत आणले. तेवढ्यात माझ्या घोडीने कान टवकारले, पण ती खिंकाळली नाही. जाण्याआधी चाऱ्याची जाळी भरलेली असे आणि शेजारीण परत येई ती माझी घोडी अस्वस्थ होण्याआधीच. खिंकाळल्यावर सोबत परत मिळते, असे एकदा तिच्या डोक्यात बसले, तर ती खिंकाळायलाच शिकेल, हे मालकांनी मला दोनदा बजावले, कारण पहिल्या आठवड्यात तिची हाक ऐकून मीच धावत गेले होते. दहा सेकंदांवरून अर्धे मिनिट, मग दोन मिनिटे, मग अंगणाच्या टोकापर्यंत, असे करत एप्रिलच्या मध्यापर्यंत मजल बारा मिनिटांवर आली. ज्या दिवशी ती बिघडे, त्या दिवशी दोन पायऱ्या मागे.

आणि मग अक्षय्य तृतीया आली. ती पांढरी शेजारीण वरातीची घोडी होती. मालकांनी मला तसे कधी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. मुहूर्ताच्या संध्याकाळी तिला सजवून नेले. ती रात्री साडेअकराला परतली. साडेपाच तास माझी घोडी एका नवख्या पोऱ्याच्या भरवशावर होती. दुसऱ्या दिवशी पायावर सूज आणि ऊब होती, डॉक्टरांनी चालणे दहा दिवस बंद केले आणि बारा मिनिटांची मजल पुन्हा एका मिनिटावर आली. मालकांनी चूक मान्य केली आणि त्या दहा दिवसांचे पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद करते. पुढे त्यांनी एक म्हातारी, कामावरून निवृत्त झालेली घोडी दुसऱ्या बाजूला बांधली, म्हणजे एक गेली तरी एक राहावी. ही सोय पहिल्या दिवसापासून करता आली असती.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. घोड्याच्या खोलीत आरसा लावला, की डोलत राहण्याची सवय कमी होते, असे ब्रिटनमधील संशोधकांच्या 2002 सालच्या एका अभ्यासात दिसले होते. ते कुठूनतरी कळून मालकांनी आरसा लावला, पण तो साध्या काचेचा. लाथ बसून काच फुटली तर काय, असे विचारल्यावर त्यांनी तो काढून अॅक्रिलिकचा बसवला. माझ्या घोडीने त्यात दोन दिवस पाहिले आणि नंतर दुर्लक्ष केले. रोजची नोंद व्हॉट्सअॅपवर मिळेल, असे ठरले होते; ती मिळाली, पण विचारल्यावर. दर महिन्याला 16,000 रुपये, चारा धरून. डॉक्टर, औषधे आणि नाल वेगळे. पावसाळ्यात शेवटचा अर्धा किलोमीटर चिखलाचा आहे, त्यामुळे जनावर आणायचे ते जूनच्या आधी.

जूनपासून चालणे पुन्हा सुरू झाले, सकाळ-संध्याकाळ पाच पाच मिनिटे, सपाट आणि टणक रस्त्यावर. सुरुवातीला शेजारीण पुढे असे, मग बरोबरीने, मग मागे, आणि जुलैच्या अखेरीस घोडी फाटकापर्यंत एकटी जाऊ लागली. दर वेळी मिनिटे वाढवण्याआधी सोनोग्राफी झाली. ऑगस्टमध्ये तिला घरी आणले तेव्हा ती चाळीस मिनिटे चालत होती आणि त्यात पाच मिनिटे दुडकी होती. घरचा घोडा बाहेर गेल्यावर ती अजूनही एकदा खिंकाळते, पण मग चाऱ्याकडे वळते. चर मी बुजवला आहे. अजून तरी नवा पडलेला नाही.

तबेला मी इतरांना सुचवीन, पण जनावर उतरवण्याआधी शेजारी कोण बांधणार, ते वरातीला जाते का आणि कोणत्या मुहूर्तांना, हे विचारून तारखा कागदावर लिहून घ्याव्यात.