रोझ कॅन्यन कॅम्पग्राउंड, माउंट लेमन: टूसॉनच्या भट्टीतून ७,००० फुटांवर

जूनमध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन शहराचा पारा १०० फॅरेनहाइटच्या (३८ सेल्सियस) वर गेला की मध्यरात्रीसुद्धा भिंतींना हात लावला तर ऊब जाणवते. अशा दिवसांत तंबू कुठे ठोकायचा हे ठरवताना अंतर नंतर पाहा, आधी उंची पाहा. दर हजार फुटांना हवा साधारण ४ अंश फॅरेनहाइटने उतरते. टूसॉन सुमारे २,४०० फुटांवर आणि शेजारच्या माउंट लेमन डोंगरावरचं रोझ कॅन्यन कॅम्पग्राउंड (तंबू ठोकायची जागा) ७,००० फुटांवर, म्हणजे १८ ते २० अंशांचा फरक. तोही तासाभराच्या ड्राइव्हवर. फिनिक्स-चँडलरकडच्यांनी त्यात आणखी दोन तास धरावेत.

डोंगरावर चढणाऱ्या कॅटालिना हायवेवर यापेक्षा खाली आणि वरही कॅम्पग्राउंड आहेत, तरी लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर आमचं मत रोझ कॅन्यनलाच. मोलिनो बेसिन ४,४०० फुटांच्या आसपास आहे, म्हणजे अजून वाळवंटातच. ती हिवाळ्याची जागा. ६,००० फुटांवरचं जनरल हिचकॉक लहान आहे आणि तिथे पिण्याचं पाणी नाही. ८,००० फुटांवरच्या स्पेन्सर कॅन्यनला जास्त गारवा मिळतो, पण उतार आणि वळणं जास्त आणि सपाट जागा कमी. रोझ कॅन्यनला गाडी तंबूपर्यंत जाते, नळाला पाणी असतं, शेकोटीची जागा आणि टेबल असतं आणि खाली चालत गेलं की सुमारे ७ एकरांचं तळं. तळ्यात ट्राउट मासे सोडतात. १० वर्षांवरच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. पोहायला बंदी आहे, हे मुलांना घरूनच सांगून ठेवा.

नसलेल्या गोष्टीही आधी कळलेल्या बऱ्या. शॉवर नाही, वीज नाही. संडास खड्ड्याचे, फ्लश नसलेले. मोठी आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) नेऊ नका, २२ फुटांपुढची वाहनं या रस्त्यांवर अडतात. डोंगरावर पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे टाकी शहरातच भरा.

तंबूची जागा निवडताना बहुतेकांचं लक्ष फक्त सावलीकडे जातं. रात्री गार हवा पाण्यासारखी उतरून घळीच्या तळाशी साठते. पहाटे तिथे आणि थोड्या वरच्या जागेत जाणवण्याइतका फरक पडतो, म्हणून मुलं असतील तर चार पावलं वरचीच जागा घ्या. मान वर करून एकदा झाडं बघा. वठलेल्या झाडाखाली किंवा लोंबकळणाऱ्या वाळक्या फांदीखाली तंबू नको. वर पाइनच्या सुया असल्या तरी खाली जमीन मुरमाड आहे. तंबूबरोबर येणाऱ्या प्लास्टिकच्या खुंट्या तिथे हमखास मोडतात, म्हणून स्टीलचे दहा इंची खिळे आणि एक हातोडी बरोबर ठेवा. उन्हं कलताना पॉन्डेरोसा पाइनच्या सालीच्या भेगेत नाक खुपसून बघा, व्हॅनिलाचा वास येतो.

स्वयंपाकात उंची लगेच कळते. इथे पाणी सुमारे ९३ सेल्सियसलाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा टचटचीत राहतो. छोटा कुकर न्याच. खाली तीन शिट्ट्या करत असाल तर वर चार-पाच करा. त्याहून सोपं म्हणजे मुगाच्या डाळीची खिचडी: डाळ-तांदूळ निघण्यापूर्वी धुऊन भिजत घाला आणि पाणी नेहमीपेक्षा अर्धी वाटी जास्त घ्या. चहाला उकळी लवकर येते पण रंग उतरत नाही, म्हणून मिनिटभर जास्त उकळू द्या. चिवड्याचं बंद पाकीट वर पोचेपर्यंत उशीसारखं फुगलेलं असतं. दह्याच्या डब्याचंही तेच, म्हणून तो पिशवीत उभा ठेवा आणि झाकण जपून उघडा.

काळी अस्वलं या डोंगरात आहेत. खाणंच नव्हे, टूथपेस्ट, साबण, खरकटं, कुकरचा रबरसुद्धा तंबूत राहू देऊ नका. सगळं गाडीत, काचा बंद करून.

महिन्यागणिक अडचण बदलते. मे-जून कोरडे असतात आणि आगीचा धोका सर्वांत जास्त असतो. २००३ ची ॲस्पेन आणि २०२० ची बिगहॉर्न आग, दोन्ही जूनमध्येच या डोंगरात लागल्या. निर्बंध लागले की लाकूड आणि कोळसा दोन्ही बंद होतात. बटणाने विझणारी गॅसची शेगडी बहुतेकदा चालते, पण कधी जंगलच बंद केलं जातं. निघायच्या सकाळी कोरोनाडो नॅशनल फॉरेस्टची (हा डोंगर ज्या सरकारी जंगलात येतो त्याची) सूचना वाचा. जुलैपासून पावसाळी ढग दुपारी चढतात आणि विजा कडाडतात. फिरणं, तळं, मासेमारी सगळं बाराच्या आत उरका. गडगडाट ऐकू आला की तंबूत नाही, गाडीत बसा.

रात्री पारा ५० ते ५५ फॅरेनहाइटपर्यंत (१० ते १३ सेल्सियस) उतरतो. शहरातून निघताना कुणालाच स्वेटर आठवत नाही, म्हणून तो आधी गाडीत टाका. कापडी गादीखाली फोमची चटई हवीच, कारण थंडी खालून जास्त लागते. डोकं दुखलं तर पहिल्यांदा पाणी प्या. या उंचीवर ते कमी पाणी प्यायल्यामुळेही दुखतं.

शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात. आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह (Recreation.gov) या वेबसाइटवर होतं. जमलं तर रविवार-सोमवार घ्या.

चढताना इंजिन तापत असेल तर एसी बंद करून काचा उघडा, अर्ध्या वाटेत हवा गार लागायला लागतेच. उतरताना मात्र सतत ब्रेकवर पाय ठेवू नका, खालच्या गिअरमध्ये या. जळका वास आला की बाजूच्या थांब्यावर दहा मिनिटं गाडी उभी करा. आणि वळणांवर सायकलवाल्यांना जागा द्या, सकाळी ते इथे खूप असतात.