तोट्यातली संगणक कंपनी: पैसा जाहिरातीला की संशोधनाला?

एका मित्राची संगणक बनवायची छोटी कंपनी तोट्यात आहे. उरलेला पैसा कुठे लावू, असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला ॲपलचं १९९७ साल आठवून दिलं. त्या आर्थिक वर्षात कंपनीचा तोटा १०० कोटी डॉलरच्या वर गेला होता.

परिणाम आधी जाहिरातीचा दिसतो. ॲपलची ‘थिंक डिफरंट’ ही जाहिरात सप्टेंबर १९९७ मध्ये झळकली, तेव्हा कंपनीचा नवा संगणक आयमॅक बाजारात यायला जवळपास अकरा महिने होते. पण कंपनी अजून उभी आहे, हे गिऱ्हाइकांना कळलं.

टिकाऊपणात मात्र संशोधनच पुढे. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या निळसर, आरपार दिसणाऱ्या आयमॅकमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता, यूएसबी होतं, किंमत १,२९९ डॉलर. लोकांनी पैसे मोजले ते त्या यंत्रासाठी. आणि हे संशोधनावरचा खर्च वाढवून झालं नाही, उलट तो घटवला होता! न्यूटन या हातात धरायच्या छोट्या संगणकासारखे प्रकल्प बंद केले आणि माणसं मोजक्याच मॉडेलांवर लावली. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

माल चांगला असून नाव विसरलं गेलं असेल, तर जाहिरात करावी. माल जुनाट असेल, तर आधी प्रकल्प छाटून एकाच यंत्रावर संशोधन. मित्राचं मॉडेल चार वर्षं जुनं आहे. त्याने जाहिरात सध्या थांबवावी.