ओम्नी, चौदा महिने आणि टाकीचं झाकण

वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात माझी ओम्नी चौदा महिन्यांत सहा वेळा बंद पडली. सहाही वेळा जवळपास एकाच वळणापाशी, जिथे एक कणीसवाली मावशी बसते. शेवटी शेवटी ती आम्हाला लांबून बघूनच निखारे फुंकायला घ्यायची. दोन कणसं, लिंबू जास्त, मीठ कमी. तिला आमची सवय पाठ झाली, आम्हाला मात्र गाडीचा रोग सापडेना.

गाडीची ओळख करून देत नाही. 796 सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर आणि इंजिन आपल्याच बुडाखाली, हे ज्याला सांगावं लागतं तो हे वाचायला येणारच नाही. 1984 साली मारुती व्हॅन म्हणून आली, 2019 ला कंपनीने बनवणं थांबवलं. माझी 1999 ची, कार्बोरेटरवाली. बासष्ट हजारांना घेतली. नोंदणीचं पाच वर्षांचं रिन्युअल आधीच्या मालकाने करून ठेवलं होतं. त्याची फी 2022 च्या एप्रिलपासून सहाशेची पाच हजार झाली होती, त्यामुळे सौदा करताना तो हे चार वेळा बोलून दाखवत होता. आमचा धंदा भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याच्या चटणीचा. माल बायको करते, पोचवतो मी. सातारा शहर, कोरेगाव, आणि पंधरा दिवसांतून एकदा वाईमार्गे पाचगणी-महाबळेश्वर.

पहिल्यांदा पडली ती वैशाखात. साहजिकच सगळ्यांचं एकमत झालं की गरम होते. चढ आहे, ऊन आहे, इंजिन सीटखाली कोंडलेलं आहे, दुसरं काय असणार? पहिल्या मिस्त्रीने सीट उचलली, हात फिरवला आणि सांगितलं, "सायेब, कॉइल गेलीय हिची." साडेआठशे रुपये. साताऱ्यात आठ दिवस छान पळाली. पुढच्या खेपेला घाटात पुन्हा तेच.

दुसऱ्याने कार्बोरेटर खोलला, कचरा दाखवला (प्रत्येक कार्बोरेटरात दाखवण्यापुरता कचरा असतोच), किट बदललं, सोळाशे. तीन प्लग तीनशे नव्वद. तिसरा जरा वयस्कर होता. तो म्हणाला गाडीतला पेट्रोल ओढणारा पंप तापतो, नळीत वाफ धरते, ओलं फडकं टाका. मी टाकलं. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली. मी इतका खूश झालो की खाली आल्यावर साडेनऊशेचा नवा पंपही बसवून घेतला. वीस मिनिटांनी ती फडक्याशिवायही चालू होत होती, हे मला तेव्हा सुचलं नाही. थांबून चालू होणाऱ्या गाडीला कुठलंही औषध लागू पडतं. नारळ फोडला असता तरी लागू पडला असता.

मग माझा संशय इथेनॉलवर आला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि माझ्या गाडीची रबरं या काळातली नाहीत. जुनी नळी फुगते, मऊ पडते, टाकीतला जुना चिकटा सुटून फिल्टरमध्ये येतो. हे सगळं खरंच आहे. माझी एक नळी बोटाने दाबली तर बटाटेवड्यासारखी दबत होती. शिवाय भावकीतला निम्मा ऊस कारखान्याला जातो, म्हणजे आपल्याच शिवारातला ऊस आपल्याच गाडीची नळी खातोय, या विचाराने मी दोन महिने चिडून होतो. या अनुभवाचा पहिला खर्डा तेव्हाच लिहिला होता, आणि त्यात सगळा दोष इथेनॉलवर टाकला होता. तो भाग आता मागे घेतो. नळ्या बदलल्या, बऱ्या केल्या, पण गाडी पडायची ती पडतच राहिली. ॲव्हरेज थोडं कमी मिळतं तेवढी तक्रार अजून कायम आहे, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकदच पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते.

श्रावणात पडली तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. धुकं, भुरभुर पाऊस, वायपर चालू, इंजिनच्या तापमानाचा काटा अर्ध्याच्या खाली, आणि गाडी बंद. कसलं गरम होणं! आणि बंद कशी पडायची तेही नीट बघण्यासारखं होतं. आधी पिकअप जायचा. ॲक्सिलरेटर दाबला की उलट दबायची. मग दोन-तीन झटके, एक खोकला, आणि खलास. करंट गेला की गाडी दिवा घालवल्यासारखी एका क्षणात मरते, पेट्रोल कमी पडलं की ती अशी कुरकुरत मरते. हे आज मी शहाण्यासारखं सांगतोय. तेव्हा मी कणीस खात होतो.

दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरी होत्या म्हणून टाकी फुल केली आणि रहिमतपूरला निघालो. कोरेगावच्या पुढे सपाट रस्त्यावर गाडीने तोच खोकला काढला. ना घाट, ना चढ. तिथेच एका वस्तीवरचे आबा गवत कापायच्या मशीनला पेट्रोल मागायला आले. "थोडं द्या की, नाहीतरी हुबीच हाय." माझी चिडचिड झाली होती, पण किल्ली दिली. त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं आणि फुस्स करून इतका मोठा आवाज आला की आबा एक पाऊल मागे सरले. हवा बाहेर आली नव्हती, आत गेली होती. मी सेल मारला, गाडी पहिल्या फटक्यात चालू.

आबांना अर्धा लिटर पेट्रोल आणि भाजणीचं एक पाकीट दिलं.

आता या झाकणाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कंटाळा आला तरी. पेट्रोल टाकीतून जसं कमी होतं तशी त्या जागी हवा आत यावी लागते, नाहीतर टाकीत ओढ तयार होते आणि बिचाऱ्या पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. माझ्या गाडीत हवा यायच्या दोन वाटा होत्या. एक टाकीची हवेची नळी, तिच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, तारेने टोकरलं तर चमचाभर वाळकी माती निघाली. दुसरी वाट झाकणातली. पण आधीच्या मालकाने पेट्रोल चोरीच्या भीतीने बाजारातलं कुलूपवालं झाकण बसवलं होतं, आणि त्याला हवा आत घ्यायची सोयच नव्हती. आत जाड रबर, बरणीला असतं तसं.

मग घाटातच का? कारण पाचगणीला जायचं म्हटलं की मी साताऱ्यात टाकी फुल करायचो. भरलेल्या टाकीत वर हवेला जागा चार-पाच लिटरचीच. पसरणीपर्यंत तीन लिटर पेट्रोल गेलं की तीच हवा आठ लिटरच्या जागेत ताणायची, ओढ जबरदस्त. गावात मात्र मी तीनशे रुपयांचं टाकतो. रिकाम्या टाकीत आधीच पंचवीस-तीस लिटर हवा, तिला दोन-तीन लिटरचा फरक काय कळणार? म्हणजे माझ्या कंजूषपणाने गाडी गावात चालत होती आणि उदारपणाने घाटात पडत होती. मिस्त्री लोकांना ती कधी बंद पडलेली दिसलीच नाही, कारण गॅरेजच्या फेरीपुरतं पेट्रोल मीच घालून नेत होतो.

एक मिस्त्री म्हणाला झाकणाला सुईने भोक पाडू. मी नको म्हटलं, पावसात पाणी आत जाणार. वॉल्व्हवालं साधं झाकण दोनशे वीसला मिळालं.

सकाळी चालू न होण्याची तक्रार वेगळी होती, आणि ती आधीच्या तक्रारीत मिसळून मी बराच घोळ घातला. थंडीत सेल मारला की फक्त 'टक्'. बॅटरीवाल्याने बॅटरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि नवी लावली, जुनी देऊन तीन हजार सहाशे पन्नास. चार दिवसांनी पुन्हा 'टक्'. शेवटी अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर घेतला. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली. सेल मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर दहाच्या वर राहत होती, म्हणजे बॅटरी निर्दोष. मग एक टोक इंजिनच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या मायनसला, आणि बायकोला म्हटलं, "मार सेल." काटा दोन व्होल्टच्या वर. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. तेवढ्यात ती आतून म्हणाली, "अहो, हे चोकचं बटण गरम का लागतंय?"

इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी कुजली होती, म्हणून स्टार्टरचा एवढा करंट परत जायला वाट शोधत चोकच्या तारेतून जात होता. आधीच्या मालकाने रंग मारताना पट्टीच्या बोल्टवरही रंग मारलेला. खाली हिरवट पांढरी भुकटी. घासून नवी पट्टी, एकशे चाळीस रुपये. तेव्हापासून अर्ध्या फेऱ्यात चालू.

बायकोच्या वहीत हिशेब आहे. कॉइल, कार्बोरेटर, प्लग, पंप, बॅटरी मिळून सात हजार चारशे चाळीस, ज्याची गरज नव्हती. झाकण आणि पट्टी मिळून तीनशे साठ, ज्याची होती. तिने दुसऱ्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. मी त्यावर काही बोलत नाही.

बाकी गाडीबद्दल काय सांगू? सरकणारं दार अरुंद बोळातही उघडतं, मागे चाळीस डबे आरामात बसतात, उन्हाळ्यात मांड्या भाजतात, हायवेला सत्तरच्या वर नेऊ नये. कार्बोरेटर असल्याने स्कॅनर लावायची भानगड नाही. पुढच्या वेळी बंद पडली तर आधी प्लगचा करंट बघणार, मग इंजिन थंड झाल्यावर नळी काढून पेट्रोल येतं का ते बघणार, आणि तोपर्यंत पाकीट खिशातच ठेवणार.

गेल्या आठवड्यात टाकी फुल करून पाचगणीला गेलो. मावशीचं वळण आलं, गाडी सरळ चढत होती. बायको म्हणाली थांबवा, ती वाट बघत असेल. थांबवली. मावशीने निखारे फुंकत विचारलं, "आज बंद न्हाई पडली व्हय?" दोन कणसं घेतली, लिंबू जास्त, मीठ कमी. इंजिन मात्र मी चालूच ठेवलं होतं.