पिकअपचा सायलेंसर बदलून नऊ महिने झाले, पाइप ठीक आहे पण रबराकडं आधी पाहा

नऊ महिने अन् साधारण अकरा हजार किलोमीटर झाले, आता लिहायला हरकत नाही. गाडी 2013 ची पिकअप, बीएस-3 (धुराच्या जुन्या सरकारी नियमातली), अडीच लिटरचं टर्बो डिझेल. नाव सांगत नाही, आपल्याकडं पिकअप म्हटलं की जी डोळ्यासमोर येते तीच. पुढचा बेंड पाइप, सायलेंसर अन् टेलपाइप असा पूर्ण सेट बदलला त्याचा हा अनुभव आहे, पण खरं सांगतो, मला जास्त लिहायचं आहे ते सायलेंसर ज्याच्यावर लटकते त्या 70 रुपयांच्या रबराबद्दल.

डिसेंबरात चौदा क्विंटल कापूस भरून राळेगावकडून हिंगणघाटला निघालो होतो. आवाज तं दिवाळीपासूनच फुटला होता, पण वडकीला हायवेला लागलो तं इतका वाढला की बाजूला बसलेल्या भावाशी ओरडून बोलावं लागे. वर्धा नदीचा पूल ओलांडला अन् मागून काहीतरी रस्त्याला घासायला लागलं. उतरून पाहिलं तं सायलेंसरची शिवण खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडली होती अन् टेलपाइप एका रबरावर लोंबकळत होता. तारेनं बांधला अन् तसाच जिनिंगच्या गेटवर गेलो. रांगेत चार तास गेले, अन् नंबर आला तं गेटवरच्या माणसानं वाकून खाली पाहिलं, म्हणे, "भाऊ, आत बिडी पेटवू देत नाही आम्ही, अन् तुम्ही हे घेऊन येता?" गाडी बाजूला लावायला लावली. तेव्हा लय राग आला होता, पण त्याचं बरोबरच होतं. फुटक्या सायलेंसरातून गरम गॅस सरळ डाल्याच्या (माल भरायच्या भागाच्या) खाली मारते, काजळीची ठिणगी पडू शकते, अन् तिथं चारही बाजूनं सुटा कापूस. दुसऱ्याच्या गाडीत माल पलटी केला, भाडं अन् हमाली धरून 1,500 रुपये गेले. दिवाळीतच काम केलं असतं तं हे वाचले असते.

कंपनीचा सेट 9,200 सांगितला, तोही आठ दिवसांनी येणार. बाजारातला 4,300, मजुरी 600, त्याच दिवशी बसवून मिळणार. कापसाच्या सीझनमध्ये आठ दिवस गाडी उभी ठेवणं परवडत नाही, म्हणून बाजारातला घेतला. दुकानदार म्हणे स्टेनलेस आहे. मी जुन्या स्पीकरचा चुंबक नेला होता, लावला तं चिकटला. तो म्हणे 409 ग्रेडला चिकटतेच. हे त्याचं खरं आहे, 409 स्टेनलेसमध्ये क्रोमियम 11 टक्क्यांच्या आसपास असते, सायलेंसरला तेच वापरतात अन् त्याला चुंबक चिकटते, म्हणजे चुंबकाची परीक्षा इथं काही कामाची नाही. पण हा 409 नव्हताच. कोपऱ्यात कानस मारली तं पांढरट थर निघाला अन् खाली साधं लोखंड दिसलं, म्हणजे अॅल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा. तो वाईट नसते, नुसत्या लोखंडापेक्षा पुष्कळ टिकते, फक्त जिथं वेल्डिंग होते तिथला थर जळून जाते अन् गंज तिथूनच धरते. मी हीटप्रूफ सिल्व्हर पेंट आणून सगळ्या जोडांवर दोन-दोन हात मारले, नऊ महिन्यात त्या जोडांना गंज धरला नाही.

जुना सेट काढताना पुढचे तीन नट पाहून वाटलं की आज स्टड (नट ज्यावर बसते तो बोल्ट) तुटणार. इतक्या वर्षांचा गंज, नटाचे कोपरे गोल झालेले. दुकानातला पोरगा पान्याला लांब पाइप लावून जोर मारायला निघाला होता, मी थांबवलं. गॅसनं नट लाल करायला लावला, अन् आधी थोडासा आवळायला सांगितला, मग सैल करायला. किर्र आवाज करून हलला, गंजाची लाल भुकटी पडली, अन् तीनही नट सुटले. स्टड तुटला असता तं ड्रिल मारा, आटे पाडा, अर्धा दिवस त्यातच जाते.

आता रबर. सायलेंसर गाडीला चार रबरांवर लटकते. माझे दोन तुटलेले, दोन दिसायला बरे पण दगडासारखे कडक झालेले. दुकानात त्या साइजचे नव्हते, कारागीर म्हणे तारेनं मस्त बसते, उलट जास्त मजबूत. मीही म्हटलं चालते. 280 रुपये वाचले म्हणून बरंच वाटलं.

पहिले तीन महिने मी ज्याला त्याला हा सेट घ्या म्हणून सांगत होतो. गाडी शांत झाली, कॅबिनमधला धुराचा वास गेला, रात्री घरी आल्यावर डोकं दुखायचं ते बंद झालं. गाडीची ओढ वाढली अन् अॅव्हरेजही वाढला असं सांगत होतो, ते मात्र चूक होतं. डिझेलची वही काढून हिशेब केला तं आधीही साडेबारा अन् आताही साडेबाराच. माझी लीक टर्बोच्या (गरम गॅसच्या जोरानं फिरून इंजिनात हवा कोंबते तो पंखा) मागं होती, तिथं फक्त आवाज अन् धूर. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला गॅस गोळा करणाऱ्या पाइपाला, लीक असली तं टर्बोला पूर्ण गॅस मिळत नाही, तेव्हा गाडी खरंच मरते. आवाज गेला की गाडी हलकी पळते असं वाटते, तेवढंच.

मार्चमध्ये तूर घेऊन येताना पुन्हा फडफड सुरू झाली. बेंड पाइपच्या फ्लँजजवळ (नट लागतात त्या चकतीजवळ) वेल्डिंगच्या कडेनं अर्धा गोल तडा. नव्या पाइपाला, तीन महिन्यात! दुकानात गेलो. घेताना सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी दिली होती, आता म्हणे तड्याला गॅरंटी नसते, तुमचे रस्ते खराब. बिल पाहिलं तं त्यावर गॅरंटीचा शब्दही नव्हता. तासभर भांडलो, काही हाती लागलं नाही. त्या रात्री जे लिहायला बसलो होतो त्यात फक्त शिव्या होत्या, पूर्ण केलं नाही ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या वेल्डिंगवाल्या काकांकडं गाडी नेली. ते खाली झोपून पाच मिनिटं नुसतं पाहत राहिले, मग मला खाली बोलावलं. "हे तार पाय. इंजिन रबरावर बसते, चालू-बंद करताना हलते का नाही? मंग पाइपाले बी त्याच्यासंगं हलाव लागते. तुनं त्याले मागून गच्च बांधून ठेवलं, तं तो समोरून तुटन नाही तं काय करन?" अन् पाइप तापला की लांबते हे मी कधी डोक्यातच घेतलं नव्हतं. तीन मीटरचा पाइप 300 डिग्रीनं तापला तं जवळपास एक सेंटीमीटर लांब होते. तो सेंटीमीटर रबर सांभाळून घेते, तार घेत नाही, अन् सगळा ताण समोरच्या वेल्डिंगवर येते.

यवतमाळला जाणाऱ्या पोराजवळून चार रबर बोलावले, 280 रुपये. वेल्डिंगचे 150, त्याआधी काकांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावली, नाहीतर अल्टरनेटर जाऊ शकते. नवीन रबर लावून सायलेंसर हातानं ढकलला तं पाळण्यासारखा दोन बोटं हलून जागेवर आला, चासीला कुठं लागला नाही. थंड गाडीत एवढंच पाहायचं असते. रबराला नखानं दाबा, बारीक भेगा उघडल्या तं तो गेला समजा, लटकून आहे म्हणून चांगला आहे असं नाही.

त्याला आता सहा महिने झाले. मधे पूर्ण पावसाळा गेला, खताच्या गोण्या अन् कुटार घेऊन पांदण रस्त्यानं गाडी चालली, दोनदा चाकं अर्धी रुतली, जोड जसेच्या तसे. म्हणजे पाइप खराब नव्हता. गॅरंटी दिली अन् फिरवली ती दुकानदाराची चूक होती, ते मी अजूनही म्हणतो अन् पुढच्या वेळी बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देणार नाही. पण पाइपाबद्दल मी मार्चमध्ये जे बोललो ते मागं घेतो.

जुना सायलेंसर सडला कशानं तेही काकांनीच दाखवलं. पोटाला खालून बारीक भोक असते, पाणी निघून जायला. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन निघते, अन् घर ते वावर, वावर ते घर अशा छोट्या फेऱ्यात सायलेंसर पूर्ण तापतच नाही, ते पाणी आतच राहते. आपल्या काळ्या मातीनं ते भोक लिंपून टाकलं होतं. बीएस-3 च्या काळात डिझेलात सल्फर 350 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागात 350) चालायचं, त्या पाण्याचं अॅसिड व्हायचं, आता 10 वर आलं आहे, तरी पाणी ते पाणीच. मी पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी सायकलच्या तारेनं ते भोक मोकळं केलं. एकदा चांगलं अर्धा कप काळं पाणी पडलं, त्या दिवशी लय समाधान वाटलं.

पीयूसीबद्दल एक. आपल्या बीएस-3 ला दर सहा महिन्यांनी काढावी लागते, डिझेलच्या धुराची मर्यादा 65 एचएसयू (धूर किती दाट ते मोजायचं माप). सायलेंसर बदलला म्हणून काळा धूर कमी होत नाही, त्याला एअर फिल्टर अन् नोझल पाहावे लागतात. अन् बीएस-6 वाल्यांनी यातलं काही धरू नये, त्यांच्या पाइपात फिल्टर अन् सेन्सर असतात, तिथं गॅस अन् वेल्डिंग घेऊन बसू नका.

टेलपाइपच्या टोकाला थोडा गंज दिसून राहिला, तिथं मी पेंट मारलाच नव्हता. दरवर्षीच्या फिटनेसची तारीख पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी घासून पेंट मारतो. जास्तीचे दोन रबर आणून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकले आहेत, अन् तारेचा गुंडाळा गाडीतून काढून गोठ्यात ठेवला आहे.