पोफळीखालच्या सावलीत काय लावाल?

कुळागरातली, म्हणजे गोव्याकडच्या पोफळीच्या बागेतली, जमीन झाडून उघडी ठेवली की पहिल्याच जोरदार पावसात वरची माती पाटातून वाहून जाते. म्हणून खाली काहीतरी बुटकं, जमीन धरून वाढणारं हवं. प्रश्न आहे तो निवडीचा.

रोपं विकणारे बहुधा वेडेलिया पुढे करतात. पिवळी फुलं, भराभर पसरणारी. कृपा करून ती घेऊ नका. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली ही वेल तुटलेल्या कांडीतूनही रुजते. पाटातून ओहळात आणि ओहळातून रानात शिरायला तिला वेळ लागत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे.

आपल्या रानातल्या तिघी पाहा. पाटाच्या कडेला, जिथे मार्चातही ओल असते, तिथे ब्राह्मी, म्हणजे गोल पानांची मंडूकपर्णी. बारीक, जाडसर पानांची ब्राह्मी वेगळी. रोप घेताना पान बघून घ्या. पेरापेराला मुळं फुटत ही माती घट्ट धरते, पानांची चटणीही होते. पाणी तुटलं की मात्र विरळ होते.

पिंपळीला ओल थोडी कमी चालते आणि चार पैसेही सुटतात. हिच्यात नर-मादी वेल वेगळे असतात, तेव्हा काडी फळं धरणाऱ्या वेलाचीच मागा.

शिंपण न पोचणाऱ्या उताराला माझं मत रानहळदीला. पावसाबरोबर पानं वर येतात, चतुर्थीच्या सुमारास गुलाबी तुऱ्यात पिवळी फुलं दिसतात, आणि पाऊस सरला की सगळं वाळून गड्डा जमिनीत निजतो. सहा महिने वर काहीच दिसत नाही, हे कुणाला खटकेल. मला तो हिचा मोठा गुण वाटतो: उन्हाळाभर एक थेंब पाणी मागत नाही. तेवढे दिवस पडलेला पाचोळा तिथेच राहू द्या, माती तोच झाकतो. पाणी साचणाऱ्या जागी मात्र लावू नका, गड्डे कुजतात. रानडुकरं येत असतील तर कुंपणही लागेल.

म्हादई किंवा खोतीगावच्या अभयारण्यातून काहीही उपटून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला मनाई आहे. ओळखीच्या कुळागरातून मागून घ्या. गड्डे मिरगाआधी पुरा, ब्राह्मी आणि पिंपळीच्या काड्या पाऊस स्थिरावल्यावर लावा.