रोमच्या मेट्रोतील पाकीटमारी : दारातली गर्दी आणि त्यानंतरची धावपळ

रोमला निघालेल्या मराठी प्रवाशाला दोन सूचना हमखास मिळतात : गर्दीत शिरू नका आणि पाकीट मागच्या खिशात ठेवू नका. आम्ही चौघांनीही त्या ऐकल्या होत्या आणि पाळल्याही होत्या. तरीही तेर्मिनी स्थानकावर माझ्या साडूंचा फोन, फॉरेक्स कार्ड (परकीय चलन भरलेले बँकेचे कार्ड) आणि रोख युरो असा सगळा ऐवज दिवसाढवळ्या गेला. तो ज्या रीतीने गेला ती पाहता या सूचना अपुऱ्या आहेत असे माझे मत झाले आहे, कारण आम्ही गर्दीत गेलोच नव्हतो. गर्दी आमच्याभोवती उभी करण्यात आली होती.

व्हॅटिकनची संग्रहालये पाहण्यासाठी आम्ही सकाळी तेर्मिनीहून मेट्रोची ‘ए’ मार्गिका पकडणार होतो आणि ओत्ताव्हियानोला उतरणार होतो. साडू, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, त्यांचे आयुष्य विरार लोकलमध्ये गेलेले असल्याने छोटी बॅग पोटावर घेऊन आणि तिच्या चेनवर हात ठेवूनच ते फलाटावर उभे होते. आमच्या शेजारी तीन तरुणी होत्या. गवती टोप्या, नकाशा, पाण्याच्या बाटल्या, एकीच्या हातावर घडी घालून टाकलेले जाकीट. पाहणाऱ्याला त्या आमच्यासारख्याच पाहुण्या वाटाव्यात असा त्यांचा वेश होता. गाडी आली. टोपीवाली अण्णांच्या पुढे आत शिरली आणि दारातच थांबून वरचा स्थानकांचा तक्ता वाचू लागली. त्यामुळे अण्णा एक पाय आत आणि एक पाय फलाटावर असे अडकले, मागून दुसरीने रेटा दिला, आणि तिसरीने, तीच जाकीटवाली, अत्यंत अदबीने त्यांचे कोपर धरून त्यांना सावरले. तोल जाऊ नये म्हणून अण्णांनी दांडा धरला, म्हणजेच चेनवरचा हात काढला. दार बंद होण्याची घंटा वाजताच टोपीवालीला आपण चुकीच्या गाडीत चढत असल्याचा साक्षात्कार झाला आणि तिघीही हसत, क्षमा मागत फलाटावर उतरल्या. दार लागले. आत पाहतो तर डबा अर्धा रिकामा होता. रेपुब्लिका स्थानक येईपर्यंत माझ्या थोरल्या मेव्हणीचे लक्ष उघड्या चेनकडे गेले, पण तोपर्यंत गाडी आणि त्या तिघी यांच्यात एक अख्खे स्थानक पडले होते.

या प्रकारात हातचलाखीचा भाग सर्वांत लहान असतो. पुढच्याने अडवायचे, मागच्याने रेटायचे, तिसऱ्याने हातावरच्या जाकिटाच्या आडून चेन उघडायची, आणि गाडी सुटण्याची वेळ साधून सगळ्यांनी उतरायचे, अशी ही कामाची वाटणी असते. तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस याच कारणासाठी बदनाम आहे. तिकीट यंत्राजवळ न मागता मदतीला येणारा मनुष्य, कोलोसियमच्या परिसरात ‘भेट’ म्हणून मनगटावर दोरा बांधणारा, स्पॅनिश पायऱ्यांजवळ हातात गुलाब कोंबणारा, हे सर्व आपला हात किंवा आपली नजर काही क्षण अडकवून ठेवतात, आणि पाकीट कोठे आहे हे पाहणारा कधी तोच असतो, कधी शेजारचा. पाकीटमारांपासून सावध राहण्याची घोषणा झाली की बहुतेक प्रवासी आपापला खिसा चाचपून पाहतात आणि अशा रीतीने ऐवजाची जागा स्वतःच दाखवून देतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमुक वंशाच्या किंवा अमुक पेहरावाच्या लोकांपासून सांभाळा, असे सांगणारे सहल-मार्गदर्शक मात्र प्रवाशांचे नुकसानच करतात असे मला वाटते. आम्हाला लुटणाऱ्यांचे कपडे आमच्यापेक्षा नीटनेटके होते.

चोरांना आळा का बसत नाही, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. इटलीत ३० डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या कायदा-सुधारणेनंतर पाकीटमारीसारख्या बहुतेक चोऱ्यांमध्ये ज्याची वस्तू गेली त्याने रीतसर तक्रार दिल्याशिवाय खटला पुढे जात नाही. पर्यटक दोन-चार दिवसांत दुसऱ्या शहरात जातो आणि तक्रारीच्या भानगडीत पडत नाही. व्हेनिसमध्ये ‘अतेन्सिओने, पिकपॉकेट!’ असे ओरडून पर्यटकांना सावध करणाऱ्या मोनिका पोली २०२३ साली जगभर प्रसिद्ध झाल्या. त्यांची आरोळी विनोद म्हणून पसरली खरी, पण ती ज्या परिस्थितीतून आली ती विनोदी नव्हती.

आमचा खरा मनस्ताप चोरीनंतर सुरू झाला. युरोपात साधारणपणे ५० युरोपर्यंतचा व्यवहार कार्ड नुसते टेकवून, पिनशिवाय होतो, आणि चोर त्या मर्यादेच्या आतच किरकोळ खरेद्या करत राहतो. कार्ड बंद करायचे तर बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक अण्णांच्या गेलेल्या फोनमध्ये, बँकेचे ॲपही त्याच फोनमध्ये, आणि ओटीपी येणार तोही त्याच सिमवर. हॉटेलचे वाय-फाय वापरून पुण्यातल्या पुतण्याला फोन लावला आणि त्याने बँकेचा क्रमांक शोधून दिल्यावर कार्ड बंद झाले. तोपर्यंत काही खरेद्या होऊन गेल्या होत्या. कार्ड हरवल्याचे कळवण्यापूर्वी झालेले व्यवहार ग्राहकाच्या अंगावर येण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे इथे एकेका मिनिटाला किंमत आहे. बँकेचा क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहून तो कागद सोबतच्या दुसऱ्या माणसाकडे द्यावा. काही बँका फॉरेक्स कार्डाबरोबर जोडीचे दुसरे कार्ड देतात, ते पहिल्या कार्डाच्या शेजारी ठेवण्यात काहीच अर्थ नाही. आमचे जोडकार्ड मेव्हणीच्या कपड्यांआडच्या पट्ट्यात पासपोर्टांबरोबर होते, म्हणून पुढची सहल पार पडली.

सिमची गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी कोणी बोलत नाही. फोनला कुलूप असले तरी चोर त्यातले सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि मग आपले ओटीपी त्याला मिळू लागतात. यावर उपाय म्हणजे निघण्यापूर्वी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सिमलाच पिन लावणे, किंवा सिमचे ई-सिम करून घेणे, म्हणजे काढायला काही राहतच नाही. सिमचा पिन लावताना मात्र कंपनीने दिलेला मूळ पिन आधी विचारून घ्यावा. तीन वेळा चुकल्यास सिम अडकते. चोरी झालीच तर घरच्या माणसाकरवी सेवा कंपनीला कळवून सिम ताबडतोब बंद करवावे.

तेर्मिनीजवळच्या पोलीस चौकीत तक्रार नोंदवण्यात आमचा निम्मा दिवस गेला, पण तिथल्या अंमलदाराने इंग्रजीतही असलेला अर्ज पुढे केला आणि शिक्का मारलेली प्रत दिली. तिला तिकडे ‘देनुन्चा’ म्हणतात. अर्जात फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या एका फोनची ओळख असलेला क्रमांक विचारतात; तो खोक्यावर किंवा खरेदीच्या पावतीवर असतो, म्हणून त्याचे छायाचित्र दुसऱ्याच्या फोनमध्ये असावे. आमच्या प्रवास विम्यात रोकड आणि फोन यांना संरक्षण नव्हते, पासपोर्टला होते, आणि तोही गेला असता तर विम्याच्या दाव्यापासून भारतीय दूतावासातल्या अर्जापर्यंत सगळीकडे हीच प्रत लागली असती. दूतावास व्हिया व्हेन्ती सेत्तेम्ब्रे या रस्त्यावर, स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. तिथे तातडीचे प्रमाणपत्र मिळू शकते, परंतु त्यावर केवळ भारतात परतता येते. पुढचे स्वित्झर्लंड वगैरे विसरावे लागते.

परत आल्यावर या प्रकरणाला आणखी एक फाटा फुटला. हरवलेल्या फोनच्या पडद्यावर संपर्कासाठी आम्ही माझ्या पत्नीचा क्रमांक झळकवला होता. त्या क्रमांकावर फोन तयार करणाऱ्या कंपनीच्या नावाने संदेश आला की आपला फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी या दुव्यावर फोनला जोडलेल्या खात्याचा पासवर्ड भरा. संदेशात फोनचे मॉडेल आणि रंग अचूक होते, आणि का नसणार, फोन त्यांच्याच हातात होता. तो पासवर्ड मिळाल्याशिवाय चोरीचा फोन नव्या गिऱ्हाइकाला चालू करून विकता येत नाही, म्हणून अशा संदेशांची सरबत्ती होते; पुढे एकाने तर फोन खात्यातून काढून टाका, नाहीतर तुमची माहिती विकू, अशी धमकीही दिली. अण्णांनी फोन खात्यातून काढला नाही, पासवर्ड कोठेही भरला नाही आणि देनुन्चाची प्रत जोडून भारत सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर त्याचा आयएमईआय बंद करण्याचा अर्ज केला. संदेश काही आठवडे येत राहिले, मग थांबले.