पानगळीतला रविवार: झाडाखाली, टेबलावर की चांदण्यांखाली?

घरात दोन आणि पाच वर्षांची पोरं, आठवड्यातला एकच मोकळा दिवस, आणि बाहेर झाडांनी रंग बदलायला घेतलेला. अशा वेळी आमच्यापुढे तीन पर्याय असतात. झाडीत भटकायचं, घरी पानांचे उद्योग मांडायचे, किंवा लवकर पडणाऱ्या अंधाराचा फायदा उठवून आकाश बघायचं. तिन्ही करून झालेत आणि तिन्ही एकदा तरी फसलेत. खगोलशास्त्राच्या भाषेत हा ऋतू उत्तर गोलार्धात 22-23 सप्टेंबरच्या आसपास, दक्षिणेत 20-21 मार्चच्या आसपास संपाताला, म्हणजे दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात तेव्हा, सुरू होतो. पोरांच्या लेखी मात्र पायाखाली पहिलं पान कुरकुरलं की तो सुरू.

भटकंतीचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे तयारी जवळजवळ नाही. एक पिशवी, पाण्याची बाटली, अंगावर एकावर एक पातळ कपडे म्हणजे ऊन चढलं की एकेक उतरवता येतात. फसते ती अंतराच्या हिशेबात. दोन वर्षांचं मूल चालत नसतं, थांबत असतं. मागच्या खेपेला धाकट्याने एकाच झाडाखाली पाऊण तास काढला. पान उचलायचं, देठ मोडायचा, देठ माझ्या हातात द्यायचा, पान फेकून द्यायचं. माझ्या मुठीत चाळीसेक देठ जमले आणि ठरवलेलं तळं काही आम्हाला दिसलं नाही. थोरली तेवढ्यात मेपलच्या पंखवाल्या बिया वर उडवून भिरभिरत खाली येताना बघत होती. तळ्यापर्यंत पोचायचा हट्ट धरला असता तर दोघंही रडली असती.

शिवाय पाच वर्षांच्या पोरीचा प्रश्न ठरलेला: हिरवं कुठे गेलं? खरं उत्तर तिलाही कळण्यासारखं आहे. दिवस लहान झाले की झाड पानातलं हरितद्रव्य नव्याने बनवणं थांबवतं, असतं ते मोडत जातं. पिवळा रंग आधीपासून आतच असतो, हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र बहुतेक झाडं याच दिवसांत नव्याने तयार करतात. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, पण पाणी गोठवणारी थंडी नाही, असा आठवडा गेला की लाल खुलतो. निघायचा दिवस निवडता येत असेल तर असा आठवडा गाठा.

भटकंतीत डोळ्यांत तेल घालावं लागतं ते चारच ठिकाणी. अळंबीला हात लावायचा नाही, कोणतीही असो. पानांच्या ढिगात उडी मारायच्या आधी ढीग काठीने चाळवायचा, आत काचही निघू शकते. आणि घरी आल्यावर गुडघ्यांमागे, काखेत, कानांमागे गोचीड बघायचे. ओकची फळं आणि तसल्या टणक बिया तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागू देऊ नका, तोंडात जायला क्षण लागत नाही.

घरच्या उद्योगांची जाहिरात फार होते, माझं मत त्यांच्याबद्दल तितकंसं बरं नाही. मांडामांड चाळीस मिनिटं, पोरं रमतात वीस. अपवाद ठशांचा. पानाची शिरांची बाजू वर ठेवायची, वर पातळ कागद, आणि तेलखडूचं वेष्टन काढून तो आडवा धरून घासायचा. एकेक शीर कागदावर उमटते तेव्हा थोरली श्वास रोखून बघते. धाकटा खडू तोंडात घालतो, पण ते चालायचंच. पानं दाबून वाळवणं छान असतं, मात्र वर्तमानपत्रात घालून जड पुस्तकांखाली आठवडा-दोन आठवडे ठेवावं लागतं. एवढी कळ पाच वर्षांच्या जिवाला निघत नाही. संध्याकाळपर्यंत चारदा पुस्तक उघडून होतं.

एक प्रयोग मात्र मोठ्या मुलांसाठी राखून ठेवा: हिरवी पानं चुरून स्पिरिटमध्ये बुडवायची, त्यात गाळणकागदाची पट्टी उभी सोडायची. काही तासांत रंग वर चढताना सुटे होतात आणि हिरव्या पानातून पिवळा पट्टा निघतो. झाडाखाली दिलेलं उत्तर तिथे डोळ्यांना दिसतं. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा ते मोठ्यांनीच हाताळायचं, शेगडीच्या आसपासही नको.

आकाश हा पर्याय लोक विसरतात. उन्हाळ्यात चांदण्या दिसेपर्यंत मुलं झोपलेली असतात, या दिवसांत जेवणाआधीच अंधार. उत्तर गोलार्धात नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर येतो, नुसत्या डोळ्यांनी सहा-सात तारे मोजता येतात. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं तरी लागतात आणि दोन वर्षांचं मूल तेवढा वेळ कुठे थांबतंय! म्हणून हा पर्याय एकट्या थोरलीचा, चंद्र नसलेल्या रात्रीचा, आणि पोरांपैकी एकालाच घेऊन बाहेर पडणं घरात जमत असेल तरच.

निवड करायची तर मी धाकट्याकडे बघते. त्याची झोप झालेली असेल आणि पाऊस नसेल तर बाहेर, अंतर न ठरवता. नाक वाहत असेल तर ठसे. मात्र ठशांसाठीही पानं आधी पोरांनीच वेचलेली हवीत. मी आणून दिलेल्या सुबक पानांकडे थोरलीने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिला तिचंच हवं होतं, किडीने भोकं पाडलेलं, अर्धं तुटकं. त्या भोकांचा ठसा सगळ्यात सुरेख आला. तो अजून दारामागे चिकटवलेला आहे.